स्पोर्ट पायलटच्या नियमांचा ऑनलाइन कोर्स : शिकवणी चांगली, पण धड्यांवर एक्सपायरी छापायला हवी

जालन्यात गांधी चमनच्या बाजूला माझं मेडिकलचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. विमानाशी माझा संबंध चिकलठाण्याहून मुंबई आणि तिथून डॅलस, एवढाच. तरी गेल्या नोव्हेंबरात मी 199 डॉलर भरून अमेरिकेच्या स्पोर्ट पायलट नियमांचा ऑनलाइन कोर्स घेतला. कार्डाचे चार्जेस धरून अठरा हजारांच्या आसपास गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून त्यांच्याकडे चालू आहे.

घेतला तो मुलीमुळे. ती डॅलसजवळ नोकरीला आहे आणि सप्टेंबरपासून दोन सीटचं लहान विमान चालवायला शिकतेय. एका रविवारी फोनवर म्हणाली, "पप्पा, परवाना हातात पडला की पहिले पॅसेंजर तुम्ही." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "ती काय करायली ते आधी तुम्ही नीट समजून घ्या, मग मला सांगा. मला झोप येईना झालीय." तिचं म्हणणं मला पटलं. लेकीच्या शेजारी बसायचं तर तिच्यावर कोणते नियम आहेत ते बापाला माहीत असावं. रोज रात्री साडेनऊला शटर ओढल्यावर गल्ल्याशेजारी लॅपटॉप उघडायचा, असं तीन महिने केलं. आमचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात तिच्याकडे सकाळचे दहा, त्यामुळे शनिवार-रविवारी फोन लावून दोघांनी मिळूनही धडे बघितले.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत 2004 पासून स्पोर्ट पायलट नावाचा परवाना आहे. हौसेनं उडणाऱ्यांसाठी, कमी तासांत मिळणारा. वय किमान 17. विमानासाठी किमान 20 तास उड्डाण, त्यात 15 तास शिक्षकासोबत आणि 5 तास एकट्यानं. एकट्यानं एक लांबचा पल्लाही मारावा लागतो : एकूण किमान 75 नॉटिकल मैल, वाटेत किमान दोन ठिकाणी पूर्ण थांबायचं. लेखी परीक्षेला 40 प्रश्न, दोन तास, पास व्हायला 70 टक्के. मग प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा. परवाना मिळाल्यावरही सोबत एकच प्रवासी. ढगात शिरायचं नाही, खालची जमीन दिसत राहिली पाहिजे, समोर किमान 3 मैल स्वच्छ दिसलं पाहिजे. समुद्रसपाटीपासून 10,000 फूट किंवा खालच्या जमिनीपासून 2,000 फूट, यातलं जे जास्त उंच असेल त्याच्या वर जायचं नाही. पैसे घेऊन कुणाला न्यायचं नाही.

एवढं तर कुठल्याही पानावर मिळतं. मग अठरा हजार कशाचे? प्रत्येक नियमामागचं कारण शिकवण्याचे. आणि तिथे हा कोर्स खरंच उजवा आहे.

वजनाचा धडा मी चार वेळा बघितला. जुन्या व्याख्येप्रमाणे स्पोर्ट पायलटला चालवता येणाऱ्या, जमिनीवरून उडणाऱ्या लाइट स्पोर्ट विमानाचं उड्डाणावेळचं एकूण वजन 1,320 पौंड, म्हणजे 600 किलोपेक्षा जास्त चालत नसे. हे रिकाम्या विमानाचं वजन नव्हे. माणसं, पेट्रोल, पिशव्या, सगळं त्यात आलं. शिकवणारा फळ्यावर आकडे मांडतो आणि मग म्हणतो, आता तुमचे मांडा. मी मांडले. रिकामं विमान 850 पौंड धरलं. वीस गॅलन पेट्रोल, गॅलनला 6 पौंड, म्हणजे 120. उरले 350. मी 84 किलो, म्हणजे 185 पौंड. मुलगी 58 किलो, म्हणजे 128. बाकी 37 पौंड, सतरा किलोही नाही. त्या रात्री दुकानातल्या वजनकाट्यावर मी पुन्हा उभा राहिलो. गिऱ्हाइकाला आपण रोज सांगतो, दोन किलो कमी करा. त्या दोन किलोंचा अर्थ मला त्या दिवशी वेगळा कळला. पुढच्या धड्यात तेच वजन पुढेमागे कुठे ठेवलं तर विमानाचा तोल कसा जातो ते आहे. ट्रॅक्टरच्या चारचाकी ट्रॉलीत ऊस मागे जास्त भरला की ट्रॉलीची पुढची चाकं हलकी पडतात, हे आपल्याकडे सगळ्यांनी बघितलंय. तेच गणित, फक्त तिथे रस्त्याच्या कडेला थांबून ऊस उतरवता येत नाही.

उन्हाचा धडाही असाच. हवा तापली की पातळ होते, पंखांना आणि पंख्याला धरायला कमी हवा मिळते, इंजिनचा दम कमी होतो. मग विमानाला वाटतं आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत. कोर्समधलं उदाहरण तिकडच्या डोंगराळ भागातलं आहे. मी वहीत चिकलठाण्याचं केलं. विमानतळाची उंची साधारण 1,900 फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान 11 अंशांच्या आसपास येतं. मे महिन्यातली दुपार 42 अंशांची धरा. फरक 31 अंश, दर अंशाला साधारण 120 फूट, म्हणजे 3,700 च्या वर. एकूण साडेपाच हजार फुटांपुढे. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभं असलेलं लहान विमान मेच्या दुपारी महाबळेश्वरपेक्षाही उंच जागी असल्यासारखं वागणार. धावपट्टी जास्त खाणार, वर चढायला वेळ घेणार. टेक्सासचा उन्हाळाही आपल्यासारखाच तापतो. मुलीला मी हे गणित फोनवर वाचून दाखवलं, तर म्हणाली, "म्हणूनच आमचे क्लास उन्हाळ्यात सकाळी सातला असतात, पप्पा." मला फार बरं वाटलं.

आता माझ्या धंद्याचा धडा, मेडिकल. इथे मी खडूस परीक्षक आहे, आधीच सांगतो.

स्पोर्ट पायलटला दिवसाच्या उड्डाणासाठी डॉक्टरकडचं वैमानिकाचं मेडिकल सर्टिफिकेट लागतच असं नाही, अमेरिकेचं चालू ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. आपल्याकडे खासगी वैमानिक परवान्याला क्लास 2 मेडिकल लागतं, म्हणून ही सवलत ऐकून पहिल्यांदा मी दचकलो. आपलं भारतीय लायसन्स त्यासाठी चालत नाही, आणि लायसन्सवर चष्म्याची अट असेल तर ती हवेतही लागू. पण खरी मेख पुढे आहे. तुम्ही आधी कधी वैमानिकाच्या मेडिकलसाठी अर्ज केला असेल आणि तुमचा सगळ्यात अलीकडचा अर्ज नाकारला गेला असेल, तर लायसन्सचा रस्ता बंद. म्हणजे "सहज करून बघू" म्हणून मेडिकलला गेलेला माणूस नापास झाला, तर गेला नसता तर मिळाला असता तो परवानाही हातचा घालवतो. मुलीनं आधी एका दुसऱ्या कंपनीचे फुकटचे व्हिडिओ बघितले होते. त्यांत "मेडिकलची गरज नाही" एवढंच एक वाक्य होतं, पुढचं काहीच नाही. या कोर्सात मात्र त्या एका मुद्द्यावर अकरा मिनिटं दिली आहेत, आणि सर्टिफिकेट नसलं तरी आपली तब्येत उडण्यासारखी आहे का हे दर वेळी स्वतः ठरवण्याची जबाबदारी पायलटचीच, हे ठासून सांगितलंय. यासाठी मी पूर्ण गुण देतो.

औषधांचा भाग मी काउंटरवरच्या स्ट्रिपा समोर ठेवून बघितला. आपल्याकडे सर्दी झाली की लोक नाव सांगून सेट्रिझिन मागतात, चॉकलेट मागावं तसं. अमेरिकेच्या विमान खात्याला सेट्रिझिन उडण्याच्या वेळी मान्य नाही, कारण झोप आणते. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन चालतात, त्यांचा त्रास होत नसेल तर. झोप आणणाऱ्या औषधांना साधा हिशोब दिलाय : दोन डोसांमधलं जास्तीत जास्त अंतर घ्या आणि त्याला पाचनं गुणा. चार ते सहा तासांनी घ्यायची गोळी असेल तर शेवटच्या गोळीनंतर 30 तास. डायफेनहायड्रामिनला 60 तास. दारूला किमान 8 तास, आणि तेवढे तास उलटले तरी रक्तात 0.04 टक्के किंवा जास्त सापडली तर नाहीच. मी सत्तावीस वर्षं गोळ्या देतोय, पण "ही खाऊन गाडी चालवू नका" हे मी दहातल्या दोघांना सांगत असेन. त्या धड्यानंतर काउंटरच्या काचेखाली मी चिठ्ठी लावलीय आणि पोराला सांगून ठेवलंय, सेट्रिझिन मागणारा मोटारसायकलवर आलाय का ते आधी बघायचं.

खर्चाचा नियमही मला भावला. प्रवासी सोबत असेल तर त्या उड्डाणाच्या पेट्रोल, भाडं वगैरे खर्चात पायलटचा वाटा निम्म्यापेक्षा कमी नको. आपण तुळजापूरला कुणाच्या जीपमधून गेलो तर डिझेल आपण टाकतो, ती आपली रीत आहे. तिथे मी म्हणालो, "बेटा, सगळं पेट्रोल माझ्याकडून," तर ते नियमात बसत नाही. कारण सांगितलंय ते पटतं : पैसे दुसऱ्याचे असले की हवा खराब असतानाही "आता आलाच आहात तर जाऊ" असं होतं.

आणि एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला. दोन विमानं समोरासमोर आली तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आपला हात डावीकडे जातो. सरावाच्या प्रश्नांत मी हा प्रश्न तीनदा चुकलो.

सराव चाचणीची सोयही चांगली. तीन पर्याय असतात, चुकीचा निवडला की तो का चुकीचा ते वाचायला मिळतं. पहिल्या चाचणीत मला 40 पैकी 24 पडले, शेवटच्या चाचणीत 35. शिकवणाऱ्याचं इंग्रजी भरभर आहे, मी वेग कमी करून ऐकलं. लाइट गेली की बघितलेला धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हा त्रास आहे, पण चालवून घेतला.

जे चालवून घेता येत नाही ते आता.

सातवा धडा आहे "तुम्ही कोणतं विमान उडवू शकता" यावर. त्यात छातीठोकपणे सांगितलंय : 1,320 पौंड, सपाट उड्डाणात जास्तीत जास्त 120 नॉट (ताशी नॉटिकल मैल), स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, 45 नॉटच्या आत, दोनच सीट, चाकं कायम बाहेर. मी ते वहीत उतरवून मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, हे जुनं आहे." मी म्हणालो, पैसे भरून घेतलेला कोर्स आहे, जुनं कसं असेल? आमचा त्या दिवशी चांगलाच वाद झाला आणि मी तिला शिकवायला गेलो, याचं मला अजून वाईट वाटतं. कारण ती बरोबर होती. अमेरिकेनं जुलै 2025 मध्ये नवे नियम जाहीर केले, ओशकोशच्या विमान मेळाव्यात. मोझाइक म्हणतात त्यांना. पायलटांसाठीचा भाग 22 ऑक्टोबर 2025 ला लागू झाला. तो आपला दिवाळी पाडवा होता, मी दुकानात चोपड्यांवर कुंकू लावत होतो. तेव्हापासून स्पोर्ट पायलटसाठी वजनाची ती अट राहिली नाही. आता बघतात तो स्टॉलचा वेग. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्या, न सोडता तो 59 नॉटपर्यंत चालतो. त्यामुळे सेस्ना 172 सारखं चार सीटचं विमानही आता चालतं, प्रवासी मात्र एकच. चाकं आत जाणारं विमान चालतं, पण वेगळं शिक्षण घेऊन शिक्षकाची लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, सही हवी. रात्रीही उडता येतं, तेही शिक्षण आणि सही घेऊन, पण रात्रीसाठी नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही, मेडिकल किंवा बेसिकमेड (साध्या डॉक्टरकडच्या तपासणीवर चालणारा पर्याय) लागतं. विमान बनवणाऱ्यांसाठीचा भाग 24 जुलै 2026 पासून आहे. एकोणिसाव्या धड्यात मात्र तेव्हा "रात्री कधीच नाही" असंच होतं.

मी कोर्स घेतला नोव्हेंबरात. म्हणजे बदल लागू होऊन आठवडे उलटले होते आणि जाहीर होऊन महिने.

कुणी म्हणेल, नियम सैल झाले, मग जुना पाळला तर बिघडलं काय? बिघडतं. अर्धवट बातमी ऐकून कुणी समजेल की वजनाची मर्यादाच उठली. तसं नाही. परवान्याच्या व्याख्येतली मर्यादा उठली, त्या त्या विमानाच्या पुस्तिकेत कंपनीनं दिलेली मर्यादा जशीच्या तशी आहे. मुलीच्या विमानाला कंपनीची मर्यादा 1,320 पौंडच आहे, माझे ते 37 पौंड आजही 37च आहेत. हा फरक समजावणं हे नियम शिकवणाऱ्याचं काम आहे, आणि त्याच जागी धडा शिळा आहे.

माझ्या दुकानात दर महिन्याच्या शेवटी आम्ही रॅक तपासतो. तीन महिन्यांत एक्सपायर होणारा माल वेगळ्या खोक्यात जातो, स्टॉकिस्टकडे परत. स्ट्रिपवर तारीख छापलेली असते म्हणून हे जमतं. या कोर्सात एकाही धड्यावर तो कधी तयार केला, शेवटचा कधी तपासला, याची तारीख नाही. कव्हरवर मात्र "सदैव अद्ययावत". बिनतारखेची स्ट्रिप मी काउंटरवर ठेवली तर माझं लायसन्स जाईल, आणि ते योग्यच होईल.

नकाशाची तारीख मात्र त्यांनी छान शिकवलीय. अमेरिकेत हवाई नकाशे सरकारच फुकट उतरवून घेऊ देतं आणि ते दर 56 दिवसांनी नवे निघतात. मी डॅलस-फोर्ट वर्थचा नकाशा उतरवला आणि मामा चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे नेला. वाढदिवसाचे बॅनर छापणारा तो पोरगा दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला, मग विचारलं, "काका, हे कुठलं गाव?" सहा फुटी फ्लेक्स गोदामाच्या भिंतीवर लावला. जाड निळ्या रेघांची वर्तुळं म्हणजे मोठ्या विमानतळाची हद्द, जांभळट रेघा त्याखालोखाल, तुटक निळी म्हणजे लहान टॉवरवाला विमानतळ. या हद्दींत स्पोर्ट पायलटला शिरायचं तर आधी शिक्षण आणि लॉगबुकात शिक्षकाची सही. मुलीचा विमानतळ कुठे, ती कुठून कुठे जाते, हे मी बायकोला काठीनं दाखवलं. 56 दिवस झाले तेव्हा मार्करनं फ्लेक्सवर तारीख आणि "जुना" असं लिहून टाकलं.

आपल्या लोकांसाठी आणखी एक मोठी उणीव. अमेरिकेचा नागरिक नसलेल्यानं उड्डाण शिकायला सुरुवात करण्याआधी तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची, टीएसएची, तपासणी आणि मंजुरी लागते. स्पोर्ट परवान्यालाही. मराठवाड्यातली किती पोरं तिकडे आहेत, त्यांना हे पहिल्या धड्यात कळायला हवं. कोर्सात एक ओळ नाही. मुलीला तिच्या शिक्षकानं सांगितलं म्हणून निभावलं. आणि हा परवाना घेऊन इथे येऊन चिकलठाण्याहून उडता येईल असंही कुणी समजू नका. तो अमेरिकेपुरता आहे, दुसऱ्या देशात त्या देशाची आधी परवानगी लागते.

मग घ्यावा का? ज्याला कारणं समजून घ्यायची आहेत त्यानं घ्यावा. वजन, हवा, औषधं, हद्दी, हे धडे मी कुणालाही डोळे झाकून सांगेन. विमान कोणतं, हा सातवा धडा मात्र सोडून द्या आणि त्याऐवजी अमेरिकेच्या नियमावलीचा भाग 61 थेट वाचा. तो सरकारी साइटवर फुकट आहे, आजच्या तारखेचा आहे, आणि भाषा वाटते तितकी अवघड नाही. मी शब्दकोश न उघडता निम्मा वाचला. पाचपैकी साडेतीन देतो. तारखा टाकल्या आणि शिळे धडे बदलले तर साडेचार देईन.

मुलगी डिसेंबरात लेखी परीक्षा पास झाली, 40 पैकी 37. प्रत्यक्ष परीक्षा बाकी आहे. मी डिसेंबरातच कंपनीला मेल करून नऊ चुकांची यादी पाठवली, धडा आणि मिनिट लिहून. चार दिवसांत आभाराचं उत्तर आलं, पैसे परत देऊ असंही म्हणाले. मी लिहिलं, पैसे नकोत, धडे बदला. जानेवारीच्या शेवटी एकोणिसावा धडा नवा आला, चांगला केलाय, रात्रीच्या मेडिकलचा मुद्दाही त्यात आहे. सातवा आज सकाळी दुकान उघडण्याआधी पुन्हा बघितला. अजून तोच आहे.